चव्वेचाळीस मिलिमीटरचा हिवाळा

खोल समुद्रात माणूस एकटा असतो. वर सूर्य नाही, खाली आधार नाही, कानांत फक्त आपलाच श्वास. आणि जगणं व मरणं यांच्यामध्ये काय ते मनगटावरचं एक घड्याळ उभं असतं. हे उदात्त विचार मी पहिल्यांदा ऐकले ते नंदुरबारच्या मिरची मार्केटच्या दाराशी, चहाच्या टपरीवर. सांगणारे गृहस्थ दातांचे डॉक्टर होते, ऐकणारे मिरचीचे व्यापारी. दोघांनाही पोहता येत नव्हतं. समुद्र बघायचा तर नंदुरबारहून आधी सुरतेची गाडी पकडावी लागते, आणि सुरतेला उतरल्यावरही तो लगेच दिसत नाही.

यंदा पुन्हा मिरची आली. गावाबाहेरच्या पथाऱ्या, म्हणजे मिरची वाळवायची उघडी मैदानं, लाल झाली. वारा गावाकडे वळला की बँकेतला रोखपाल नोटा मोजता मोजता थांबतो, शिंकतो आणि पहिल्यापासून मोजायला लागतो. रिक्षावाले तोंडाला रुमाल बांधतात. बाहेरून बदलून आलेले अधिकारी पहिल्या आठवड्यात सर्दीचं औषध घेतात आणि दुसऱ्या आठवड्यात बदलीचा अर्ज लिहायला घेतात. आम्हा गावकऱ्यांना मात्र त्या ठसक्याची इतकी सवय आहे की तो लागला नाही तर हिवाळा नीट पडला नाही असं वाटतं. काल सकाळी स्टेशन रोडवर मला तसा सणसणीत ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्यातून मला मिरची न दिसता एक घड्याळ दिसलं. चांगलं परातीएवढं.

ते घड्याळ हसमुखशेठचं. हसमुखशेठ म्हणजे तापीकाठच्या गुजर घराण्यातले मिरचीचे व्यापारी. मार्केटमध्ये गाळा, शहादा रस्त्याला पथारी, आणि आवाज असा की लिलावात त्यांनी भाव बोलला की तीन ढीग पलीकडची कबुतरं उडायची. बोली ते डावा हात वर करून द्यायचे. उजवा हात मिरचीसाठी राखीव. उजव्या मुठीत मिरची दाबायची, मूठ उघडायची, मिरची फुलून वर आली तर कोरडी, गोळा होऊन बसली तर ओली. तोवर डावा हात वर. त्या डाव्या हातात ते पाणबुड्यांचं घड्याळ. तीनशे मीटर खोल पाण्यात चालणारं, पोलादी, आणि तबकडी चव्वेचाळीस मिलिमीटरची. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. त्याचा उच्चार काय करायचा यावर शेठ आणि डॉक्टर यांचं अजून एकमत झालेलं नाही.

डॉक्टर म्हणजे डॉक्टर गिरासे. त्यांचा दवाखाना मार्केटच्या समोरच. दात काढून झाला की रोगी कापूस चावत बसतो, तेवढ्या वेळात ते टपरीवर येतात. परदेशी घड्याळांबद्दलचे व्हिडिओ ते इतके बघतात की बोलताना मध्येच हात टेबलावर तिरका ठेवून मनगट फिरवतात, जणू समोर कॅमेरा आहे. त्यांचं घड्याळही पाणबुड्यांचंच, पण अडतीस मिलिमीटरचं. घड्याळाने मनगटावर बसावं, मनगट झाकू नये, असं त्यांचं तत्त्व. पट्टा जिथे अडकवतात ती चार पोलादी शिंगं मनगटाच्या कडेबाहेर गेली, तर तो त्यांच्या मते गुन्हा. शेठचं तत्त्व सुटसुटीत होतं.

"घड्याळ लांबून दिसाले पाह्यजे," ते म्हणत.

"मंग शेठ, स्टेशनवरलंच बांधी ल्या ना हातले," भटूआप्पा म्हणत.

भटूआप्पा म्हणजे निवृत्त कंडक्टर. लग्नात सासऱ्याने दिलेलं चावीचं घड्याळ ते अजून वापरतात. रोज सकाळी त्याला चावी देतात आणि उरलेला दिवस इतरांना. मी तिथे चौथा. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवतो, घड्याळ वापरत नाही. म्हणून तटस्थ पंच म्हणून माझी नेमणूक झाली होती. मी एकदाही निकाल दिला नाही, आणि कोणी मागितलाही नाही.

बाहेरच्या माणसाला वाटेल, सहा मिलिमीटरवर किती बोलणार? मलाही सुरुवातीला तसंच वाटलं होतं. पण नवं मॉडेल आलं की आठवडा त्यातच जायचा. कंपनीने यंदा कडं जाड केलं, काट्यांचा रंग बदलला, तारखेची खिडकी काढली. खिडकी काढली त्या दिवशी डॉक्टरांनी टपरीवर सगळ्यांना भजी खाऊ घातली. शेठनी सुतक पाळल्यासारखा बिनसाखरेचा चहा घेतला. एकदा डॉक्टर एका घड्याळातली हेलियम बाहेर सोडायची झडप समजावून सांगत होते. पाणबुडे खोल समुद्रात राहतात तेव्हा घड्याळात हा वायू शिरतो, वर येताना तो बाहेर पडला नाही तर काच उडते, वगैरे.

आप्पांनी बशीतला चहा संपवला. "पन नंदुरबारमा हेलियम कोठे शे भो? फुगावालाकडे?"

"प्रश्न तत्त्वाचा आहे आप्पा," डॉक्टर म्हणाले.

"तेच इचारी ऱ्हायनू. तत्त्व कोठे शे? फुगावालाकडे?"

या घड्याळांना तबकडीभोवती एक फिरणारं कडं असतं. पाणबुड्या पाण्यात उतरताना ते फिरवून ठेवतो, म्हणजे किती वेळ झाला ते कळतं. त्याला बेझल म्हणतात. शेठ ते चहा टाकला की फिरवायचे आणि उशीर झाला तर टपरीवाल्याला पुरावा दाखवायचे. पहिल्याच हंगामात त्या कड्याखाली मिरचीची भुकटी जाऊन बसली. कडं अडकलं. शेठनी नखाने, बोटाने, धोतराच्या सोग्याने ते फिरवून मोकळं केलं आणि घाम आला म्हणून डोळा पुसला. तीनशे मीटर पाण्याला दाद न देणाऱ्या घड्याळामुळे मालकाच्या डोळ्यांतून जे पाणी आलं, ते बघायला हमाल पोती खाली ठेवून जमले. शेवटी डॉक्टरांनी नमुन्याला आलेला लहान मुलांचा मऊ ब्रश आणून दिला. तेव्हापासून शेठचं घड्याळ सकाळ-संध्याकाळ घासलं जातं. शेठचे दात इतक्या नियमाने घासले जातात का, हे डॉक्टरांना माहीत आहे, पण त्यांनी कधी सांगितलं नाही.

पाण्याशी या घड्याळांचा समोरासमोर संबंध एकदाच आला. आम्ही चौघे तोरणमाळला गेलो होतो. सात पायरीचा घाट चढताना शेठनी डोळे मिटून घेतले होते, ते तलावाशी पोचल्यावर उघडले. पाणी बघून दोघांना एकदम आपल्या घड्याळांचं मूळ कर्तव्य आठवलं. डॉक्टरांनी पँट गुडघ्यापर्यंत वळवली. शेठनी बाही कोपरापर्यंत वळवली, काठावरच्या दगडावर बसले आणि डावा हात मनगटापर्यंत पाण्यात बुडवला. डॉक्टरही बाजूला बसून तसेच. पाठीवर काटक्यांचा भारा घेतलेली एक पावरा आदिवासी बाई तिथून चालली होती. ती थांबली, दोन मोठ्या माणसांना पाण्यात एकेक हात घालून गंभीरपणे बसलेलं तिने बघितलं, पुढे जाऊन पाण्यात काय पडलंय का तेही वाकून बघितलं, आणि मग भारा सावरत निघून गेली. परतीच्या वाटेवर डॉक्टर म्हणाले, "काचेवर वाफसुद्धा धरली नाही." शेठ म्हणाले, "म्हन्हीबी नही." दोघांनी एकमेकांकडे आदराने पाहिलं.

ती माणसं तेव्हा सुखी होती, पण त्याचं आम्हाला काही वाटत नव्हतं.

मग गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता शेठना टायफॉइड झाला, आणि तो उतरतोय तोच कावीळ. सुरतेला नेलं, परत आणलं. नवरात्र गेली, दिवाळी गेली. पहिली ओली मिरची मार्केटला आली तेव्हा शेठ अजून घरात, उसाचा रस आणि मऊ भात खात. मिरचीच्या व्यापाऱ्याला सुरतेच्या डॉक्टरांनी मिरची बंद केली होती. पथारीवरून येणारा वारा त्यांच्या खिडकीतून आत जायचा, तेवढाच त्यांचा आणि मिरचीचा संबंध.

ते पुन्हा मार्केटला आले त्या दिवशी थंडी नव्हती, तरी अंगात पूर्ण बाह्यांचा स्वेटर. शेठ दिसायला शेठच होते, पण कोणीतरी त्यांच्या कपड्यांत दुसरा बारीक माणूस घालून पाठवल्यासारखे. आम्ही सगळ्यांनी "वा शेठ, एकदम बरे दिसताय" असं एका सुरात म्हटलं. एका सुरात म्हटलं तिथेच घोळ झाला. आमच्या टपरीवर कोणतीही गोष्ट एका सुरात म्हटली जात नाही.

लिलाव सुरू झाला. मुकादम एकेका ढिगाशी थांबून भाव पुकारत होता, आम्ही मागून बघत होतो. शेठनी मिरची मुठीत दाबली, सवयीने डावा हात वर केला, आणि ते घड्याळ मनगटावरून सुटून सरळ कोपराकडे निघालं. बाहीच्या आत काहीतरी सरकताना दिसलं. बेडूक गेल्यासारखं. शेठनी हात झटकन खाली घेतला. तो ढीग दुसऱ्याने नेला. पट्ट्याच्या जेवढ्या कड्या काढता येतात तेवढ्या काढून झाल्या होत्या, हे मला नंतर कळलं. पुढच्या ढिगाला त्यांनी युक्ती केली. डावा हात वर करताना उजव्या हाताने ते मनगट धरून ठेवलं. आता आमच्या मार्केटची रीत अशी की एक हात म्हणजे बोलीची एक पायरी. मुकादमाने वर गेलेले दोन हात बघितले.

"शेठ, दोन?"

सगळं मार्केट वळलं. त्या क्षणी खरं उत्तर एकच होतं, 'नाही रे बाबा, मी घड्याळ धरलंय.' शेठनी छाती पुढे काढली.

"हां. दोन."

ढीग त्यांना मिळाला. मिरची इतकी ओली होती की मूठ उघडल्यावर गोळा तसाच बसून राहिला. शेतकरी आनंदाने चहा सांगायला धावला. टपरीवर शेठ म्हणाले, "घेनीच व्हती माले." कोणीही हसलं नाही. भटूआप्पासुद्धा नाही. आप्पा हसले नाहीत हे बघून शेठचा चेहरा उतरला.

आणि याहून वाईट म्हणजे डॉक्टर. ज्या माणसाने इतकी वर्षं चव्वेचाळीस मिलिमीटरची यथेच्छ निंदा केली, तो त्या दिवशी घसा साफ करून म्हणाला, "एका अर्थी मोठ्या घड्याळाला भारदस्तपणा असतो, शेठ. माझं मत जरा बदलतंय."

शेठनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जसं कोर्टात आपला विरोधी वकील अचानक आपल्या बाजूने बोलायला लागला की आरोपी पाहतो.

पुढचे काही दिवस शेठ आलेच नाहीत. गाळ्यावर मुनीम. मार्केटमध्ये मग हळूहळू बोलणं सुरू झालं. कोण म्हणे शेठ पथारी विकताहेत, कोण म्हणे सुरतेला मुलाकडे जाणार. चांगल्या मिरचीचे शेतकरी पूर्वी शेठ येईपर्यंत ढीग झाकून बसायचे, ते आता पहिल्या बोलीला माल सोडू लागले. व्यापाऱ्याचं बरं असणं हे त्याच्या प्रकृतीपेक्षा इतरांच्या नजरेत जास्त असतं. आणि शेठची प्रकृती एव्हाना औषधाने सुधारली होती, नजरा तेवढ्या राहिल्या होत्या.

एके दुपारी हंसाभाभी, म्हणजे शेठच्या पत्नी, आमच्या घरी आल्या. बसल्या नाहीत. उभ्या उभ्याच म्हणाल्या,

"सर, डॉक्टरले सांगा, यास्नासंगे जरा भांडा."

मला वाटलं काही औषधाचं असेल.

"घरमा कोनी भांडत नही. पोरं 'हां पप्पा' म्हनतस. मी बी 'हां' म्हनस. आते डॉक्टर बी हां म्हनाले लागनात. मंग हाई मानूसले वाटस, आपलं सरनं."

मग त्यांनी सांगितलं. शेठ रोज सकाळी मनगटाला रुमाल गुंडाळतात, त्यावर घड्याळ बांधतात, आरशासमोर हात वर करून बघतात, घड्याळ सोडतात, रुमालाची घडी घालतात, आणि पुन्हा पलंगावर बसतात. लहान घड्याळ घ्या, असं भाभींनी एकदा सुचवलं होतं.

"तं म्हने, इतला वरीस जे बायकास्नं म्हनं, ते आते मी बांधू? लोके म्हनतीन शेठ वाळी गया."

तर असा पेच होता. आजारामुळे लहान घड्याळ घेणं म्हणजे शेठना स्वतःच्या हाताने आपली पाटी उतरवण्यासारखं होतं. पण वादात हरून घेतलं तर? वादात हरणं हे मर्दाचं काम आहे. त्यांना हरायचं होतं, आणि हरवणारा माणूस सभ्य झाला होता.

मी दवाखान्यात गेलो. डॉक्टर एका माणसाच्या दाढेत गुंतले होते. रोगी तोंड उघडं ठेवून छताकडे बघत होता. मी निरोप सांगितला. डॉक्टर यंत्र थांबवून म्हणाले,

"सर, मला ते जमणार नाही. त्यांचं मनगट मी पाहिलंय. लहान घ्या म्हणणं म्हणजे तुम्ही वाळलात म्हणणं. आजारी माणसाशी मी भांडत नाही."

"ते बरे झालेत."

"दिसत नाहीत."

"म्हणून तर भांडायचंय."

"आ आ," रोगी म्हणाला.

"तुम्ही बोलू नका," डॉक्टर त्याला म्हणाले. मग मला, "आणि मी मोठ्या घड्याळाची स्तुती केली ती त्यांना बरं वाटावं म्हणून."

"त्यांना वाटलं का?"

रोग्याने मान हलवून नाही म्हटलं. तो मार्केटमधला तोलारी, म्हणजे पोती तोलणारा होता, त्याने सगळं बघितलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी आणि भटूआप्पा जाऊन शेठना जवळजवळ उचलूनच टपरीवर आणलं. स्वेटर होताच, घड्याळ मात्र खिशात. डॉक्टर मोबाईल घेऊन आले. त्याच कंपनीने तेच घड्याळ आता अडतीस मिलिमीटरमध्ये काढलं होतं, जगभर मोठी घड्याळं मागे पडत होती, वगैरे त्यांनी वाचून दाखवलं. पण आवाज असा, जसा आपण मयताच्या घरी हवापाण्याबद्दल बोलताना काढतो.

शेठनी फोटो पाहिला. पाहत राहिले. मग म्हणाले, "बाईमानूसनं शे हाई."

दोन महिन्यांत त्यांचं पहिलं खणखणीत वाक्य. टपरीवाल्याने मान वर केली.

"असेलही," डॉक्टर म्हणाले. "ज्याची त्याची आवड."

मी टेबलाखालून डॉक्टरांच्या पायावर पाय दिला. ते नुसते कळवळले. तेव्हा शेठनीच सूत्रं हातात घेतली. आज मागे वळून बघताना मला खात्री वाटते की त्यांनी ते जाणूनबुजून केलं. बशी खाली ठेवून ते सावकाश म्हणाले,

"डॉक्टर, तू दात पाड भो. घड्याळनी अक्कल तुले कधीच नव्हती."

डॉक्टर गिरासे आमच्याशी नेहमी पुस्तकी मराठीत बोलतात. घरची अहिराणी त्यांच्या तोंडून फक्त संतापात बाहेर पडते, आणि तेव्हा 'तुम्ही'चं 'तू' होतं. त्यांचा कान लाल झाला.

"अक्कल माले नही? ज्याले तीनशे मीटरनं घड्याळ लागस आनि आंघोळना टाइमले तेच काढी ठेवस, तो माले अक्कल शिकाडी ऱ्हायना?"

"मोठा मानूसले मोठं घड्याळ!"

"मोठा? हात आन तुन्हा! आन!"

आणि डॉक्टरांनी टेबलावरून शेठचा डावा हात ओढला, स्वेटरची बाही वर सारली आणि त्यांच्याच खिशातून डोकावणारं ते चव्वेचाळीस मिलिमीटर काढून त्या उघड्या मनगटावर ठेवलं. चारी शिंगं दोन्ही बाजूंनी हवेत.

"दख! दख हाई शिंगं! घड्याळ तुन्हा हातवर नही, तू घड्याळखाले शे!"

जे दोन महिने कोणी बोललं नव्हतं ते टेबलावर उघडं पडलं होतं, आणि पडलं होतं तेही शेंगदाण्याच्या टरफलांत. डॉक्टरांच्या लक्षात आलं. त्यांची पकड ढिली पडत चालली होती. शेठ आपल्या मनगटाकडे बघत होते, दुसऱ्याचं असावं तसं.

"बाहेर शेतस खरं," ते हळू म्हणाले. मग वर बघून, "पहिलेबी बाहेर व्हतात का?"

सगळं त्या प्रश्नावर येऊन थांबलं होतं, हे मला कळलं, आप्पांना कळलं. पूर्वी शेठचं मनगट केळीच्या खांबाएवढं होतं. त्यावर परातसुद्धा बेताची दिसली असती. हे डॉक्टरांनाही माहीत होतं. पण संताप अजून पुरता उतरला नव्हता, आणि देवाची दया की त्यांनी तो वाया जाऊ दिला नाही.

"पहिलापासून!" ते ओरडले. "बारा वरीसपासून बोंबली ऱ्हायनू! तू ऐकस कधी?"

"मंग नीट का बरं नही सांगं?"

"रोज सांगं! रोज!"

"शेठ, घेई टाका आते," भटूआप्पा म्हणाले. "नहीते डॉक्टर आठेच रडी देई."

शेठनी एक मोठा श्वास सोडला. हरलेला माणूस इतका आरामात मागे टेकलेला मी पाहिला नव्हता. "तुन्हा हट्टकरता घेस," ते म्हणाले. "माले आवडनं नही, हाई ध्यानमा ठेव." आणि त्यांनी भजी सांगितली. कावीळ होऊन गेलेल्या माणसाने भजी खाऊ नयेत, हे सांगायला तिथे डॉक्टर हजर होते, पण ते तेव्हा तारखेच्या खिडकीवर बोलत होते.

पुढे सगळ्या मार्केटला ही बातमी शेठनी स्वतःच सांगितली. डॉक्टरने डोकं खाल्लं म्हणून बदलतोय. मित्राचं मन मोडवत नाही. लोकांना ते पटलं, कारण डॉक्टर डोकं खातात हे सर्वांना माहीत होतं.

आज शेठ पुन्हा पूर्वीसारखे आहेत, किंवा त्याहून थोडे जास्त. काल स्टेशन रोडवरचा ठसका आवरून मी टपरीवर पोचलो तर ते एका नवापूरच्या कोंबडीवाल्या व्यापाऱ्याला पकडून बसले होते. त्या बिचाऱ्याच्या हातात छान मोठं घड्याळ. शेठ त्याची शिंगं बोटाने दाखवून सांगत होते की घड्याळाने मनगटावर बसावं, मनगट झाकू नये. डॉक्टर शेजारी धुमसत बसले होते. आपलीच वाक्यं, आपल्याच क्रमाने, आणि श्रेय शून्य. "निदान शिंगांचा मुद्दा तरी माझा आहे म्हणा," ते मला म्हणाले. मी तटस्थ राहिलो. शेठच्या मनगटावर ते अडतीस आता बटणासारखं दिसतं. खरं सांगायचं तर त्या हाताला आज चव्वेचाळीस शोभेल, पण ते बोलून दाखवायची कोणाची छाती नाही. दोघांपैकी एक जण पुन्हा मत बदलेल आणि आम्हाला आणखी एक हिवाळा त्यात काढावा लागेल.

मला मात्र सारखा तो दिवस आठवतो, नवं घड्याळ सुरतेहून आलं त्याच्या दुसऱ्या दिवसाचा. शेठच्या भाच्याने ते आदल्या सकाळच्या गाडीने आणलं होतं, डॉक्टरांनी स्वतः पट्टा बसवला होता, आणि त्या दिवशी शेठनी कितीतरी दिवसांनी स्वेटर घरी ठेवला. पथाऱ्यांवर बाया देठ खुडत बसल्या होत्या, हवेत तो ओळखीचा तिखटपणा, मार्केटमध्ये ढिगांमागे ढीग. मुकादम पुकारत आला. शेठनी उजव्या मुठीत मिरची दाबली, मूठ उघडली, मिरची फुलून वर आली. डावा हात वर गेला. घड्याळ जागचं हललं नाही. सकाळचं ऊन त्या एवढ्याशा काचेवर पडलं, आणि शेठनी भाव बोलला तो असा की कबुतरं उडाली. मी आणि डॉक्टर मागे उभे होतो. डॉक्टर घसा खाकरून मिरचीच्या धुळीला शिव्या देत होते.

ढीग प्रकाशे गावच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याचा होता. वर्षानुवर्षं शेठलाच माल देणारा. त्याने सौदा झाल्यावर जवळ येऊन शेठचा तो हात दोन्ही हातांत घेतला, उलटा-सुलटा करून बघितला. लहान घड्याळाच्या शेजारी हात भरलेला दिसत होता.

"शेठ, तब्येत भरनी तुमनी!" तो म्हणाला. "मागला हप्तामा हात काडीमायक दिखे. देवनी लाज राखी."

आजूबाजूच्या शेतकऱ्यांनी माना डोलावल्या. एकाने तिथल्या तिथे आपला ढीग पुन्हा झाकला, शेठ येईपर्यंत. शेठनी फक्त डॉक्टरांकडे बघितलं, आणि डॉक्टर दुसरीकडे बघायला लागले.

त्याच सकाळी गाळा उघडल्यावर शेठ पोती तोलायच्या काट्यावर उभे राहिले होते, आणि आकडा मी वाचला होता. आठवड्यापूर्वी स्वेटर काढून, पण जुनं घड्याळ खिशात ठेवून केलेल्या वजनापेक्षा शंभर ग्रॅम कमी भरलं. नवं घड्याळ जुन्यापेक्षा साधारण तेवढंच हलकं होतं.